विष्णू माधव घाटगे

डॉ. विष्णू माधव घाटगे (२४ ऑक्टोबर १९०८ – ६ डिसेंबर १९९१) हे भारतीय वैमानिकी अभियंता व विमानरचनाकार होते. भारतात आराखडा होऊन प्रत्यक्ष उत्पादनात गेलेल्या पहिल्या इंजिनयुक्त विमानाचे, म्हणजे ‘एचटी-२’ या प्रशिक्षण विमानाचे, ते मुख्य रचनाकार होत. पुष्पक, कृषक आणि किरण ही विमानेही त्यांच्या नेतृत्वाखालील पथकांनी घडवली. हिंदुस्तान एअरक्राफ्ट या बंगळूरच्या कारखान्यात त्यांनी आपली कारकीर्द घालवली. भारत सरकारने १९६५ साली त्यांना पद्मश्री देऊन गौरवले.

भारतीय वायुसेनेच्या वैमानिकांच्या अनेक पिढ्यांचे पहिले उड्डाण घाटगे यांनी आखलेल्या विमानातून झाले. असे असूनही महाराष्ट्रात त्यांचे नाव फारसे परिचित नाही.

जन्म आणि शिक्षण

घाटगे यांचा जन्म कोल्हापूर जिल्ह्यातील गडहिंग्लज तालुक्यातल्या हसूरचंपू या गावी झाला. त्या वेळी हा भाग कोल्हापूर संस्थानाच्या परिसरात मोडत असे. त्यांच्या जन्माला पाच वर्षेही झाली नव्हती, तेव्हा राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाला जेमतेम दशक उलटत होते. भारतात पहिले विमान उडायला तर १९१० साल उजाडावे लागले. फेब्रुवारी १९११ मध्ये अलाहाबादेत आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने टपालाची पिशवी घेऊन यमुनेपलीकडे उड्डाण केले. ते विमान रोजे सोमेर या आज विस्मरणात गेलेल्या फ्रेंच रचनाकाराच्या आराखड्यावर इंग्लंडमध्ये बांधलेले होते. भारतीयांच्या वाट्याला त्या काळात आले ते प्रेक्षकपण. वैमानिक परदेशी, यंत्र परदेशी आणि त्यामागचे गणितही परदेशी, ही स्थिती पुढली तीस वर्षे फारशी पालटली नाही.

घाटगे यांचे महाविद्यालयीन शिक्षण पुणे आणि मुंबई येथे झाले. त्यानंतर ते उच्च शिक्षणासाठी जर्मनीतील गटिंगेन विद्यापीठात गेले आणि १९३६ साली लुडविग प्रांटल यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी डॉक्टरेट मिळवली.

गटिंगेनची शाळा

घाटगे यांच्या पुढील कामाचे स्वरूप कळण्यासाठी प्रांटल यांचे स्थान ठाऊक असणे आवश्यक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस द्रवगतिकीचे दोन तट पडले होते. गणितज्ञ घर्षणरहित आदर्श प्रवाहाची सुंदर समीकरणे मांडत. त्या समीकरणांनुसार प्रवाहात ठेवलेल्या वस्तूला काहीच विरोध व्हायला नको होता. याउलट कालवे, नळ आणि जहाजे बांधणाऱ्या अभियंत्यांना तो विरोध रोज अनुभवास येई, पण त्याचे कारण सांगता येत नसे. १९०४ साली हायडेलबर्ग येथे वाचलेल्या एका छोट्या निबंधात प्रांटल यांनी या दोन्ही बाजू जोडल्या. हवा किंवा पाणी यांची चिकटपणाची मात्रा कितीही अल्प असली, तरी पृष्ठभागाला लागून असलेल्या अतिशय पातळ थरात ती निर्णायक ठरते, असे त्यांनी दाखवले. या थराला सीमास्तर म्हणतात. पंखाच्या पृष्ठभागावर हवेचा वेग शून्य असतो आणि काही मिलिमीटर अंतरावर तो बाहेरच्या प्रवाहाइतका होतो. हा थर पंखाला धरून राहिला तर विमान तरंगते. तो सुटला तर उत्थापक बल ढासळते आणि विमान कोसळू लागते. पुढे पहिल्या महायुद्धाच्या सुमारास प्रांटल यांनी मर्यादित लांबीच्या पंखाचा सिद्धांत मांडला. त्यामुळे पंखाची लांबी, रुंदी आणि आकार ठरवताना अंदाजाच्या जागी गणित आले.

पहिल्या पिढीतील बहुतेक विमाने सायकल, मोटार किंवा नाव बांधणाऱ्या कसबी माणसांनी हाताच्या अंदाजाने बनवली होती. एखादे उडे, बरीचशी उडत नसत, आणि का उडत नाहीत हे बांधणाऱ्यालाही सांगता येत नसे. प्रांटल यांच्या शाळेत शिकलेला विद्यार्थी मात्र आराखडा कागदावर असतानाच विमान किती वेगाला जमीन सोडेल आणि किती वेगाखाली पंखावरचा प्रवाह सुटेल याचा हिशेब मांडू शके. घाटगे यांनी भारतात आणली ती ही विद्या. ते तेथे असतानाच नाझी राजवटीने गटिंगेनमधील अनेक थोर गणितज्ञांना व भौतिकशास्त्रज्ञांना पदच्युत केले. ज्या विद्यापीठाचा जगात दबदबा होता त्याची पडझड होत असण्याच्या काळात त्यांचे शिक्षण पूर्ण झाले.

हिंदुस्तान एअरक्राफ्ट

डॉक्टरेट मिळवून परतलेल्या वैमानिकी तज्ज्ञाला १९३६च्या भारतात काम मिळण्याची जागाच नव्हती, कारण देशात विमान बनवणारा कारखाना नव्हता. ही उणीव भरून काढली ती सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी. १९३९ साली अमेरिकेच्या विमानप्रवासात त्यांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकी विमान-व्यावसायिकाशी पडली. त्या भेटीतून निघालेल्या योजनेला म्हैसूर संस्थानाने जमीन आणि भांडवल दिले, आणि २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूर येथे ‘हिंदुस्तान एअरक्राफ्ट’ ही कंपनी नोंदवली गेली. घाटगे सुरुवातीच्या काळातच तिच्या आराखडा विभागात दाखल झाले.

कारखान्यातून बाहेर पडलेले पहिले विमान हार्लो जातीचे अमेरिकी प्रशिक्षण विमान होते. परदेशातून आलेले सुटे भाग जुळवून ते १९४१च्या ऑगस्टमध्ये उडवण्यात आले. पुढे कर्टिस हॉक जातीची लढाऊ विमानेही याच पद्धतीने जोडली गेली. जोडणीत कौशल्य लागते, पण रचना करावी लागत नाही. प्रत्येक खिळ्याची जागा दुसऱ्याने ठरवलेली असते. घाटगे यांनी मात्र युद्धकाळातच ‘जी-१’ या दहा आसनी ग्लायडरचा आराखडा तयार केला. ग्लायडरला इंजिन नसते, त्यामुळे इंजिन आयात करण्याचा प्रश्न टळतो. पंख, धड, शेपूट आणि नियंत्रक पृष्ठे यांचा सगळा हिशेब मात्र विमानासारखाच करावा लागतो. नव्या आराखडा विभागासाठी याहून योग्य पहिला धडा सापडला नसता. या ग्लायडरचे मालिका उत्पादन झाले नाही.

जपानी सैन्य ब्रह्मदेशापर्यंत येऊन ठेपल्यावर सरकारने १९४२ साली वालचंद यांचा हिस्सा विकत घेतला, आणि १९४३ मध्ये कारखाना अमेरिकी सैन्याच्या विमानदुरुस्तीसाठी देण्यात आला. नवीन रचनेचे काम थांबले. तथापि या दुरुस्तीच्या वर्षांत शेकडो कामगार धातूचा पत्रा वाकवणे, रिव्हेट मारणे, इंजिन उघडून पुन्हा बसवणे अशा कामांत तरबेज झाले. युद्ध संपल्यावर विमानांची मागणी आटली, तेव्हा हाच कारखाना रेल्वेचे धातूचे डबे आणि बसगाड्यांचे सांगाडे बनवून तगला. आजच्या वाचकाला ही गोष्ट विनोदी वाटेल, पण त्या डब्यांनी कारागीर टिकवले, आणि कारागीर टिकले नसते तर पुढचे विमान कागदावरच राहिले असते.

भारतीय विज्ञान संस्थेत

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९४२ साली वैमानिकी अभियांत्रिकी विभाग सुरू झाला. देशातील या विषयाचा हा पहिला उच्च शिक्षणाचा विभाग होय. त्याच्या उभारणीत आणि अध्यापनात घाटगे यांचा वाटा होता. कारखाना आणि संस्था एकाच शहरात असल्याचा लाभ दोघांनाही झाला. संस्थेतून शिकून बाहेर पडलेले अभियंते कारखान्याच्या आराखडा विभागात येऊ लागले. पुढे सतीश धवन यांच्या नेतृत्वाखाली हा विभाग नावारूपास आला.

एचटी-२

स्वतंत्र भारताच्या वायुसेनेतील नवशिके वैमानिक टायगर मॉथ या ब्रिटिश विमानावर शिकत. १९३१ सालचे हे दुपंखी विमान लाकूड, पोलादी नळ्या आणि कापड यांचे होते, आणि त्यातला कॉकपिट उघडा असे. त्याची जागा घेणारे विमान देशातच आखावे असा निर्णय झाला आणि १९४८ मध्ये घाटगे यांच्या पथकाने कामास आरंभ केला. नमुना विमानाने ५ ऑगस्ट १९५१ रोजी बंगळूर येथे प्रथम उड्डाण केले. चाचणी वैमानिक होते कॅप्टन जमशेद मुन्शी.

एचटी-२ हे संपूर्ण धातूचे, एकपंखी विमान आहे. पंख धडाच्या खालच्या बाजूस जोडलेले आहेत. शिष्य आणि प्रशिक्षक एकामागे एक बसतात आणि दोघांवर पारदर्शक छत असते. पुढची दोन चाके स्थिर आहेत आणि तिसरे छोटे चाक शेपटीखाली आहे. पंखांची एकूण लांबी सुमारे १०.७ मीटर, धडाची लांबी सुमारे ७.५ मीटर आणि भारासह वजन सुमारे एक टन. पहिल्या नमुन्यात जिप्सी मेजर इंजिन होते. उत्पादनातील विमानांना १५५ अश्वशक्तीचे सिरस मेजर हे ब्रिटिश इंजिन बसवले गेले. बाह्यरूपात ते कॅनडात आखलेल्या चिपमंक या समकालीन विमानाशी मिळतेजुळते आहे. एकाच कामासाठी, साधारण तेवढ्याच शक्तीच्या इंजिनाभोवती आखलेल्या विमानांत असे साम्य आढळणे स्वाभाविक होय.

प्रशिक्षण विमान लहान असते म्हणून त्याची रचना सोपी, असा समज होऊ शकतो. प्रत्यक्षात त्याच्याकडून परस्परविरोधी अपेक्षा असतात. ते इतके स्थिर हवे की नवख्याच्या हातून चूक झाली तरी सावरता यावे, आणि इतके चपळही हवे की त्यावर कोलांट्या व गिरक्या शिकवता याव्यात. गिरकी हा त्यातला सर्वांत कसोटीचा भाग. वेग फार कमी झाला की पंखावरचा प्रवाह सुटतो. एका पंखावर तो आधी सुटला तर विमान त्या बाजूला कलून स्वतःभोवती फिरत खाली येऊ लागते. अशा वेळी ठरावीक क्रमाने नियंत्रक हलवल्यास विमान सरळ झालेच पाहिजे, आणि ते होईल की नाही हे शेपटीचा आकार, तिची जागा आणि विमानाचा गुरुत्वमध्य यांवर ठरते. म्हणजे सीमास्तराचा जो अभ्यास गटिंगेनमध्ये समीकरणांत झाला, त्याची परीक्षा येथे एकोणीस-वीस वर्षांच्या प्रशिक्षणार्थीच्या हाती होती.

दुसरा नमुना फेब्रुवारी १९५२ मध्ये उडाला आणि त्यानंतर मालिका उत्पादन सुरू झाले. एकूण सुमारे १७० विमाने बांधली गेली. वायुसेनेखेरीज नौदल आणि नागरी उड्डाण शाळा यांनीही ती वापरली. महाराष्ट्राच्या सीमेवरील बिदर येथील वायुसेनेच्या प्राथमिक उड्डाण प्रशिक्षण केंद्रात एचटी-२ दीर्घकाळ होती. घाना देशाने आपल्या नव्या वायुदलासाठी १२ विमाने घेतली. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या एका देशाने दुसऱ्या नवस्वतंत्र देशाकडून विमाने विकत घेण्याचा तो प्रसंग होता. भारतीय वायुसेनेत एचटी-२ तीन दशकांहून अधिक काळ राहिले, आणि १९८०च्या दशकात दीपक या विमानाने हळूहळू त्याची जागा घेतली.

पुष्पक आणि कृषक

‘पुष्पक’ हे दोन आसनी, उंचावर पंख असलेले हलके विमान २८ सप्टेंबर १९५८ रोजी प्रथम उडाले. नळ्यांचा सांगाडा, वर कापडाचे आवरण आणि ९० अश्वशक्तीचे कॉन्टिनेन्टल इंजिन अशी त्याची साधी बांधणी होती. रचनेच्या दृष्टीने ते अमेरिकेच्या एरोंका चीफ या विमानावर आधारित होते, त्यामुळे एचटी-२ इतके स्वतंत्र कर्तृत्व त्याला देता येत नाही. त्याचे महत्त्व वापरात आहे. दीडशेहून अधिक पुष्पक विमाने देशभरच्या फ्लाइंग क्लबांत गेली आणि नागरी वैमानिक होऊ इच्छिणाऱ्यांना परवडणाऱ्या खर्चात उड्डाण शिकता आले.

पुष्पकचा पुढचा, आकाराने व शक्तीने मोठा अवतार म्हणजे ‘कृषक’. त्याचे पहिले उड्डाण नोव्हेंबर १९५९ मध्ये झाले. नाव शेतीचे असले तरी त्याचा खरा उपयोग भूसेनेने केला. शत्रूच्या ठाण्यांवर तोफगोळे नेमके कुठे पडत आहेत हे वरून पाहून तोफखान्याला कळवणे, हे त्याचे काम. त्यासाठी अगदी कमी वेगात स्थिर उडणे आणि कच्च्या, आखूड धावपट्टीवर उतरणे आवश्यक असते. सुमारे ७० कृषक बांधली गेली आणि १९६५च्या भारत-पाक युद्धात ती वापरली गेली.

किरण

१९५६ साली जर्मन रचनाकार कुर्ट टांक आपल्या सहकाऱ्यांसह बंगळूरला आले आणि ‘मरुत’ या लढाऊ जेट विमानाचे काम सुरू झाले. देशाचे आणि वृत्तपत्रांचे लक्ष स्वाभाविकपणे तिकडे वेधले गेले. मरुत १७ जून १९६१ रोजी उडाले. पुरेशा शक्तीचे इंजिन न मिळाल्याने त्याला अपेक्षित वेग कधीच गाठता आला नाही. त्याच आवारात घाटगे यांच्या नेतृत्वाखालील पथक एका कमी झगमगाटाच्या कामात गुंतले होते. ते काम जेट प्रशिक्षण विमानाचे होते.

‘किरण’ ४ सप्टेंबर १९६४ रोजी प्रथम उडाले. सुरंजन दास हे त्याचे चाचणी वैमानिक होते. मरुतचे पहिले उड्डाणही त्यांनीच केले होते. किरणमध्ये शिष्य आणि प्रशिक्षक शेजारी-शेजारी बसतात, त्यामुळे प्रशिक्षकाला शिष्याचे हात आणि चेहरा दोन्ही दिसतात. व्हायपर हे मध्यम शक्तीचे ब्रिटिश जेट इंजिन त्यात होते, आणि पुढच्या आवृत्तीत अधिक शक्तीचे ऑर्फियस इंजिन आले. १९६८ पासून विमाने वायुसेनेला मिळू लागली. दोन्ही आवृत्त्या मिळून सुमारे २५० किरण बांधली गेली. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या वायुसेनेच्या ‘सूर्यकिरण’ या हवाई कसरत पथकाने २०११ पर्यंत याच विमानावर प्रात्यक्षिके केली. ती पाहायला जमणाऱ्या लाखो प्रेक्षकांपैकी रचनाकाराचे नाव फार थोड्यांना माहीत असावे.

मरुतला इंजिनाने अडवले आणि किरणला अडवले नाही, यात घाटगे यांच्या कार्यपद्धतीचा एक विशेष दिसतो. त्यांच्या सर्व विमानांची इंजिने परदेशी आराखड्याची होती, आणि भारतीय विमाननिर्मितीची ही उणीव त्यांच्या काळात भरून निघाली नाही. परंतु बाजारात सहज मिळणारे, कसाला लागलेले इंजिन आधी निवडून त्याभोवती विमान आखण्याचा शिरस्ता त्यांनी पाळला. त्यामुळे त्यांची विमाने विक्रमी वेगाची नव्हती, पण ठरल्यानुसार उडाली, ठरल्यानुसार बांधली गेली आणि दशकानुदशके वापरात राहिली.

१ ऑक्टोबर १९६४ रोजी हिंदुस्तान एअरक्राफ्ट आणि एरोनॉटिक्स इंडिया या दोन कंपन्यांचे विलीनीकरण होऊन आजची हिंदुस्तान एरोनॉटिक्स अस्तित्वात आली.

स्मरण आणि विस्मरण

‘पहिला भारतीय विमानकर्ता’ म्हटले की मराठी वाचकाला सहसा शिवकर बापूजी तळपदे यांचे नाव आठवते. मुंबईच्या तळपदे यांनी १८९५ साली गिरगाव चौपाटीवर ‘मरुत्सखा’ नावाचे विमान उडवल्याची कथा लेखांतून आणि २०१५ सालच्या एका हिंदी चित्रपटातून सर्वदूर पोहोचली आहे. प्राचीन विमानविद्येचा त्यांचा ध्यास खरा होता. त्यांनी त्यावर लेखनही केले. मात्र त्या उड्डाणाची समकालीन नोंद, आराखडा किंवा यंत्राचा अवशेष पुढे आलेला नाही. या कथेशी जोडल्या जाणाऱ्या ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाची तपासणी १९७४ साली भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी केली. ग्रंथाचा मजकूर प्राचीन नसून विसाव्या शतकाच्या आरंभीचा आहे आणि त्यात वर्णिलेली विमाने उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. या अभ्यासकांत ज्या वैमानिकी विभागातील प्राध्यापक होते, त्याच विभागाच्या पायाभरणीत घाटगे यांचा हात होता, हा योगायोग ध्यानात घेण्याजोगा आहे.

घाटगे यांच्या विमानांबाबत असा प्रश्न उद्भवत नाही. त्यांच्या पहिल्या उड्डाणांच्या तारखा, वैमानिकांची नावे, बांधलेल्या विमानांची संख्या आणि स्वतः विमानेही उपलब्ध आहेत. तरीही दंतकथेच्या मानाने त्यांची प्रसिद्धी अल्प आहे. त्याची काही कारणे सहज दिसतात. घाटगे यांचे कर्तृत्व बंगळूरमध्ये घडले आणि सरकारी कारखान्यात घडले. तेथे विमानाला रचनाकाराचे नव्हे, कंपनीचे नाव मिळते. शिवाय प्रशिक्षण विमान युद्धाच्या बातम्यांत सहसा येत नाही. त्यावर शिकून गेलेला वैमानिक पुढे ज्या लढाऊ विमानातून नाव कमावतो, ते विमान लोकांच्या लक्षात राहते.

वैमानिकी क्षेत्रात मात्र त्यांची आठवण जपलेली आहे. एरोनॉटिकल सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था त्यांच्या नावे पुरस्कार देते. बंगळूर येथील हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या सभागृहसंकुलास ‘डॉ. व्ही. एम. घाटगे कन्व्हेन्शन सेंटर’ असे नाव आहे. त्याच शहरातील कंपनीच्या वारसा संग्रहालयात एचटी-२, किरण आणि मरुत ही विमाने जतन केली असून ती सर्वसामान्यांना पाहता येतात.